कोरी प्रत

फोन आला तेव्हा इंदुमती स्टुलावर उभी राहून 'आरोग्य' असं लिहिलेला कप्पा पुसत होती. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, "नमस्ते आंटीजी, मैं शमिका. कांता घाडगे की बेटी. पहचाना?" अगं बाई! न ओळखायला काय झालं! पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी याच घराच्या मागच्या खोलीत हिचं बारसं झालं होतं. इंदुमती स्टुलावरूनच भडाभडा बोलत सुटली, कुठे असतेस, लग्न झालं का, बाबा कसे आहेत. मुलगी हसत हसत उत्तरं देत होती. नवरा, पियूष, फौजेतच आहे, नुकतीच इथे जवळच बबीन्याच्या छावणीत बदली झाली, सातवा महिना चाललाय, आणि मम्मीला जाऊन दोन वर्षं झाली. मग म्हणाली, "मम्मी हमेशा बोलती थी, तुझं सगळं झाशीच्या पुस्तकात लिहिलंय. वो किताब आपके पास है ना? पापा बोले, इंदुमती भाभी के घर से कागज का टुकड़ा भी नहीं जाता. मी आज चार बजे येऊ?" इंदुमती "ये की" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला, स्टुलावरून उतरली, आणि पुसणं अर्धवट टाकून त्याच स्टुलावर बसली. कारण ते पुस्तक तिने गेल्या वर्षी रद्दीत घातलं होतं. चुकून नव्हे, हरवलं नव्हे. उघडून, पानं चाळून, आत काय लिहिलंय ते बघून, आपल्या हातांनी घातलं होतं.

घरात पुस्तकं सहाशे अकरा. झाशीत मराठी पुस्तकांचं एवढं मोठं घर दुसरं नसेल, असं रामकृष्ण, म्हणजे तिचा नवरा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि वर म्हणायचा, "मी फक्त फळ्या ठोकल्या, बाकी बाईसाहेबांचा कारभार." तो रेल्वेच्या कारखान्यात होता, आता सेवानिवृत्त. चौऱ्याऐंशी साली ती लग्न होऊन सिव्हिल लाइन्सच्या मागच्या या गल्लीत आली तेव्हा तिच्या ट्रंकेत पुस्तकं होती सात. गावात मराठी अक्षर बघायला मिळायचं नाही. दिवाळी अंक यायचा तो तुळशीचं लग्न उरकल्यावर. मग हळूहळू तिला कळलं की या गावात मराठी माणूस येतो तो जाण्यासाठीच. फौजेतला असो की रेल्वेतला, तीन वर्षं, चार वर्षं, की निघाला. जायच्या आदल्या दिवशी काळ्या लोखंडी पेट्या भरल्या जायच्या, आणि भांडी, गाद्या, देव, शिलाई मशीन सगळं आत गेल्यावर पुस्तकांना जागा उरायची नाही. त्या घरची बाई मग पिशवी घेऊन इंदुमतीच्या दारात. "वहिनी, ही ठेवा. परत आलो की नेऊ." परत कोण येतंय! पण ही वाक्यं इंदुमतीने कधी खोटी मानली नाहीत. एका वहीत नाव लिहायची, किती पुस्तकं ते लिहायची, आणि मांडणीत त्या नावाचा कोपरा करायची. घाडग्यांचा कोपरा, चौबळांचा कोपरा, सिग्नलवाल्या केळकरांचा कोपरा. पोथीशेजारी शिकारकथा, शिकारकथेशेजारी लोणच्यांचं पुस्तक. बाहेरचं कुणी बघून हसलं असतं. तिला मात्र दुपारी त्या मांडणीसमोर खुर्ची टाकून बसलं की गल्लीतली सगळी माणसं घरी बसल्यासारखं वाटायचं, आणि ते वाटणं तिला फार हवं असायचं, कारण घरात तिसरं माणूस कधी आलंच नाही.

ते तिसरं माणूस येईल म्हणून तिच्या आईने ट्रंकेत पहिल्या सात पुस्तकांतलं एक मुद्दाम घातलं होतं. गर्भारपण आणि बाळाचं संगोपन यांवरचं जाडजूड पुस्तक. त्या काळी लेकीला दिलं जायचं तसलं. इंदुमतीने ते पहिल्या वर्षी दोनदा वाचलं, दुसऱ्या वर्षी एकदा, आणि मग त्याला खाकी कव्हर घालून आपल्या कोपऱ्यात सर्वांत मागे ठेवलं. डॉक्टर झाले, ग्वाल्हेर झालं, कुणी सांगितलं म्हणून एरचला जाऊन बेतवा नदीत स्नान झालं. पुढे कांता मागच्या खोलीत भाड्याने राहायला आली. तिचा नवरा संभाजी घाडगे बबीन्याला होता, फॅमिली क्वार्टर मिळायचं होतं, आणि कांता पोटुशी. तिच्याकडेही तेच पुस्तक, आवृत्ती तेवढी नवी. त्यात ती पेन घेऊन लिहायची. पोर मांडीवर, पुस्तक पाटावर, आणि समासात बारीक बारीक अक्षरात काहीतरी. इंदुमती एकदा म्हणालीही होती, "पुस्तकात कसलं लिहितेस गं? पुस्तक खराब होतं." कांता म्हणाली, "वहिनी, वही हरवते. पुस्तक हरवत नाही." पोर दोन वर्षांची झाली आणि यांची बदली निघाली थेट आसामला. चार पुस्तकं आणून दिली, वरचं हे. "तिकडे म्हणे भिंतींना पाणी सुटतं, याला बुरशी येईल. बाकीची गेली तरी चालतील, हे तेवढं जपा." इंदुमती म्हणाली होती, "माझ्या घरातून कागदाचा कपटा जात नाही." आता संभाजीने लेकीला तेच वाक्य तसंच्या तसं सांगितलं होतं.

"अहो," तिने हाक मारली. रामकृष्ण अंगणात दाढी करत बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो आरशातूनच म्हणाला, "मग त्यात एवढं काय? आपलं आहे ना तेच पुस्तक? ते दे. पोरीला काय कळणार?" "अहो, तिला पुस्तक नकोय, लिहिलेलं हवंय!" "मग सांग हरवलं म्हणून. माणसं हरवतात, पुस्तकाचं काय घेऊन बसलीस." त्याने गालावर वस्तरा फिरवला. इंदुमतीला त्याचा राग आला. राग त्याचा नव्हता हेही तिला कळत होतं. हरवलं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. हरवणं म्हणजे कुणाचाच हात नसणं. इथे हात तिचाच होता.

झालं होतं काय, तर गेल्या वर्षी फाल्गुनात तिने फोनवर एक कार्यक्रम बघितला, घरचा ग्रंथसंग्रह कसा लावावा. त्यातली बाई म्हणाली, विषयवार लावा, लेबलं लावा, म्हणजे संग्रह वाढवताना काय आहे आणि काय नाही ते कळतं. इंदुमतीला एकदम पटलं. इतकी वर्षं आपण नुसता ढीग सांभाळला असं वाटून लाजही वाटली. पंधरा दिवस घरभर पुस्तकं पसरली. चरित्रं एकीकडे, प्रवास एकीकडे, स्वयंपाक, देवधर्म, आरोग्य. तिने नवी वही घातली आणि जुनी, नावांची वही, ओल लागून फुगलेली, टाकून दिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय खोटं? कारण जोवर पुस्तकं माणसांच्या नावाने होती तोवर एकही पुस्तक दुहेरी नव्हतं. घाडग्यांचं ते घाडग्यांचं, चौबळांचं ते चौबळांचं. विषयवार लावल्याबरोबर एकाच नावाची तीन-तीन, चार-चार खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आणि मांडणीत जागा पुरेना. मग तिने नियम केला. एका पुस्तकाची एकच प्रत ठेवायची, आणि त्यातली जी स्वच्छ असेल ती.

त्या संगोपनाच्या पुस्तकाच्या प्रती निघाल्या तीन. एक कांताची. एक प्रियदर्शिनी चौबळची. तिचा नवरा रेल्वेत लेखा विभागात होता, त्यांनाही मुलगीच, अनुश्री, आणि भुसावळला जाताना तिनेही पुस्तक इथेच ठेवलं होतं. गंमत म्हणजे तिनेही त्यात लिहिलं होतं. कांताचंच बघून लिहिलं असणार, कारण कांता आसामला जायच्या आधी महिनाभर तिचं पुस्तक प्रियदर्शिनीने वाचायला नेलं होतं. आणि तिसरी प्रत इंदुमतीची. खाकी कव्हर काढल्यावर ती इतकी कोरी, इतकी पांढरी निघाली की तिला क्षणभर आनंदच झाला. दोन प्रती डागाळलेल्या. हळदीची बोटं, दुधाचे गोल, पानापानावर शाई. एक स्वच्छ. नियम सरळ होता. ती त्या दोन्ही प्रती घेऊन जमिनीवर बसली होती, चांगला अर्धा तास, आणि समासातलं वाचलं होतं. आता रद्दीवाल्याच्या शोधात ओरछा गेटच्या दिशेने निघालेल्या ई-रिक्षात बसून ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होती, वाचलं होतंस ना? मग ठेवावंसं का नाही वाटलं? आणि उत्तर तिला ठाऊक होतं. तिला वाचून राग आला होता. दोन बायका पानोपानी सांगत होत्या, आज दात आला, आज उभी राहिली, आज ताप. आणि तिचं पुस्तक त्यांच्यामध्ये नव्या नवरीसारखं बसलं होतं. तिला वाटलं होतं, बरं झालं, शेवटी माझंच पुस्तक राहिलं. हे इतक्या स्पष्ट शब्दांत तिने मनाशी कधी म्हटलं नव्हतं. रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा तिने पुढची दांडी घट्ट धरली.

ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत कबाडीवाल्याचं दुकान होतं. गेल्या वर्षी हातगाडी घेऊन घरी आला होता तो हाच. म्हातारा, दयाळू. "हओ अम्माजी, याद है. दो बोरी ले गए थे आपके यहाँ से." तिने पुस्तकाचं वर्णन केलं, जाडी दाखवली, वर बाळाचं चित्र होतं म्हणाली. तो ऐकून घेत होता आणि तिला कळत होतं की तो केवळ वयाचा मान म्हणून ऐकतोय. "साल भर पुरानी किताब अब कहाँ धरी है, अम्माजी? गल के दफ्ती बन गई होगी." म्हणजे लगदा होऊन पुठ्ठा झाला असणार. तरी तिने आत जाऊन बघितलं. त्याने बघू दिलं. गाईडं, वह्या, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, सगळं हिंदी. त्यात एखादं मराठी अक्षर दिसतं का म्हणून तिची नजर इतकी ताणली गेली की हिंदीतलं प्रत्येक 'बच्चा' तिला थांबवायला लागलं. धुळीने खोकला आला. म्हाताऱ्याने पाणी दिलं आणि विचारलं, "बहुत कीमती थी का?" ती म्हणाली, "मेरी नहीं थी." निघताना बारा वाजून गेले होते.

घरी येऊन तिने जेवण केलं नाही. 'आरोग्य'च्या कप्प्यातून कोरी प्रत काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. घाडग्यांच्या उरलेल्या तीन पुस्तकांपैकी एका प्रवासवर्णनाच्या पहिल्या पानावर नाव सापडलं, 'कांता सं. घाडगे', निळ्या शाईत. ते तिने शेजारी ठेवलं. मग ती बराच वेळ त्या नावाकडे बघत बसली. क कसा, त कसा, गची काडी किती खाली. फडताळात शाईचं जुनं पेन होतं. मनात आलेलं तिला स्वतःलाच ऐकवेना, पण हात मात्र पेन धुवायला लागला होता. वर्तमानपत्राच्या कडेला तिने लिहून बघितलं, 'आज दात आला'. 'दात'मधला द कांताने कधी लिहिलेला तिच्यासमोर नव्हता, ल नव्हता, ज नव्हता. नावातल्या सहा अक्षरांतून एका बाईचं सगळं अक्षर उभं करायचं म्हणजे काय! तिने पुन्हा लिहिलं. ते तिचंच अक्षर दिसत होतं, दुसऱ्याची साडी नेसल्यासारखं. रामकृष्ण मागे येऊन कधी उभा राहिला कळलं नाही. तो कडेचं वाचून म्हणाला, "इंदू, नको." चाळीस वर्षांत त्याने तिला हाताला धरून कशापासून मागे ओढलं नव्हतं. आताही धरलं नाही. नुसतं म्हणाला आणि वर्तमानपत्र उचलून घेऊन गेला. तिने पेनाचं टोपण लावलं आणि मग आठवायला सुरुवात केली. निदान आठवावं तरी. अर्धा तास वाचलं होतं, काहीतरी राहिलं असेल. डोळे मिटले की पानं दिसायची, डाग दिसायचे, शाई दिसायची, अक्षरं येईनात. एवढी सहाशे पुस्तकं आपण पाठ असल्यासारखी मिरवतो, आणि दोन बायकांनी हातांनी लिहिलेलं एक वाक्य आठवत नाही!

शमिका चारला पाच मिनिटं असतानाच आली. पोट पुढे, हातात मिठाईचा डबा, आणि चेहऱ्यावर कांताची हनुवटी. वाकून नमस्कार करायला लागली तर इंदुमतीने तिला वरच्या वर धरलं. "असू दे गं, वाकू नको." "आंटीजी, मला समजते सगळं मराठी," ती खुर्चीत सावकाश बसत म्हणाली, "बोलायला कम येते. मम्मीसोबतच बोलायची ना. अब किससे बोलूँ?" रामकृष्णने चहा आणला, दोन शब्द बोलला आणि अंगणात निघून गेला. मांडणीकडे बघून मुलगी हरखली. लेबलं मोठ्याने वाचायला लागली, "चरित्र… प्रवास… बाप रे, आंटीजी, कितनी अच्छी तरह रखा है आपने!" इंदुमतीला तिथल्या तिथे मरण आलं असतं तर तिने नाही म्हटलं नसतं. आणि मुलीने टेबलावरचं पुस्तक बघितलं. बाळाचं चित्र बघितलं. दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं, मग उघडलं. एक पान, दुसरं पान. मग भराभरा. मग मागून पुढे. "इसमें तो कुछ नहीं लिखा."

"ते माझं आहे," इंदुमती म्हणाली. "तुझ्या आईचं मी रद्दीत घातलं. गेल्या वर्षी." आणि मग ती थांबलीच नाही. नियम सांगितला, तीन प्रती सांगितल्या, कबाडी सांगितला, आज सकाळची खेप सांगितली. प्रियदर्शिनीचं लिहिलेलं पुस्तकही त्यातच गेलं, हेही सांगितलं. राग आला होता तेवढं सांगायचं तिच्या ओठावर आलं, आणि तेही तिने सांगून टाकलं. "मला मूल नव्हतं. तुमच्या आयांनी पानोपानी लिहून ठेवलं होतं. मला सहन झालं नाही, बाळ. स्वच्छ, स्वच्छ म्हणत मी माझं ठेवलं." मुलीला यातलं किती कळलं कोण जाणे. तिचा हात पोटावर होता. ती रडली नाही. रडली असती तर इंदुमतीला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणता आलं असतं. तिने मांडणीकडे बघितलं, त्या देखण्या लेबलांकडे, आणि विचारलं, "आपने पढ़ा था?"

"हो."

"क्या लिखा था?"

आणि आता, ज्याच्यासाठी दुपारभर डोकं फोडलं होतं ते, एकाएकी, काही न करता आलं. पान दिसलं नाही, शाई दिसली नाही, पण वाक्य आलं. "'रात्रभर रडली. मीपण.'" इंदुमती म्हणाली. "असं लिहिलं होतं. एवढंच. 'रात्रभर रडली. मीपण.'"

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मम्मी रोयी? मम्मी तो कभी रोती नहीं थी! पापा की पोस्टिंग हो, कुछ भी हो." तिने नाक पुसलं. "हे माझंच आहे ना? पक्का? दुसऱ्या आंटीचं नाही?"

इंदुमतीने आठवून बघितलं. खरोखर बघितलं. दोन पुस्तकं जमिनीवर उघडी होती, दोघीही मुलींच्या आया, दोघींचीही निळी शाई, आणि ते वाक्य कुठल्या पुस्तकातलं हे तिला सांगता येत नव्हतं. ते भुसावळच्या अनुश्रीचं असेल. हिचंही असेल, शक्यता निम्मी निम्मी. मघाशी तिने खरं बोलायचं ठरवलं होतं आणि आतापर्यंत ती बोललीही होती, एक शब्द न लपवता, आणि त्याने तिला किंचित हलकंही वाटलं होतं. समोरची मुलगी वाट बघत होती.

"तुझंच," ती म्हणाली.

शमिकाने पर्समधून बॉलपेन काढलं. कोरी प्रत मांडीवर घेतली, म्हणजे जेवढी मांडी उरली होती तेवढ्यावर, आणि विचारलं, "कौन से पेज पे था?" इंदुमतीने हात पुढे करून पानं उलटली आणि 'पहिला महिना' आलं तिथे बोट ठेवलं. मुलीने समासात लिहायला सुरुवात केली. गोल, हिंदी शाळेतलं अक्षर, जिभेचं टोक दातांत धरून. रात्रभर रडली. मीपण. चाळीस वर्षांत त्या पुस्तकात पहिल्यांदाच कुणी लिहीत होतं. इंदुमतीला भयंकर भीती वाटली, कारण मुलगी आता वर बघत होती.

"तारीख?"

"अं?"

"मम्मी तारीख डालती होगी ना. मी नऊ अक्टूबरची आहे."

इंदुमतीने मनातल्या मनात दिवस मोजले. "तीन नोव्हेंबर," ती म्हणाली. आवाज स्थिर निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. मुलीने लिहिलं, तीन नवंबर. मग पान उलटलं. 'दुसरा महिना'. पांढरं स्वच्छ पान. तिने समासावर पेन टेकवलं आणि विचारलं, "और, आंटीजी?"

अंगणात रामकृष्णने नळ सोडला होता. बादली भरत आल्याचा आवाज येत होता. तो आता कुठल्याही क्षणी आत येईल, असं इंदुमतीला वाटलं, आणि तो येऊ नये असंही वाटलं. तिला पुढचं काही आठवत नव्हतं. एक अक्षर आठवत नव्हतं. तिने खुर्ची पुढे ओढली, इतकी की मुलीचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला.

"लिही," ती म्हणाली. "दोन डिसेंबर. आज पहिल्यांदा हसली."